जुन्या अमेरिकेतली मुलं कशी मोजायची: एकोणिसाव्या शतकातल्या काउंट्यांचा जननदर, पायरीपायरीनं

१८४० साली न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या) खेड्यापाड्यांत २० ते ४४ वयाच्या दर हजार गोऱ्या स्त्रियांमागे पाच वर्षांखालची ८०० मुलं होती. त्याच वर्षी ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन या पट्ट्यातल्या शहरांत हाच आकडा ८४१ होता. म्हणजे पूर्वेच्या खेड्यापेक्षा पश्चिमेच्या शहरात पोरं जास्त. 'खेड्यात मुलं जास्त, शहरात कमी' हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की असा आकडा दिसला की आधी छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. कुठलीही काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) घेऊन हे स्वतः कसं तपासायचं, ते या लेखात आहे.

एका अंदाजाप्रमाणे १८०० साली अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रीला आयुष्यात सरासरी ७ मुलं होत. १९०० पर्यंत हा आकडा साडेतीनच्या आसपास आला. गर्भनिरोधक गोळी नव्हती, सरकारी मोहीम नव्हती, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नव्हता. तरी शंभर वर्षांत प्रमाण निम्म्यावर आलं. हे कुठे आणि का घडलं, यावर अभ्यासक गेली साठेक वर्षं वाद घालत आहेत. आणि वाद ज्या आकड्यांवर चालतो ते आकडे आज कोणालाही घरबसल्या, फुकट मिळतात. संगणकावर एक्सेल असलं आणि भागाकाराची भीती नसली की पुरे.

आधी एक अडचण: जन्माची नोंदच नाही

जननदर काढायचा तर जन्मांची संख्या हवी. ती त्या काळच्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नाही. राज्यभर जन्म-मृत्यू-विवाह नोंदवण्याची व्यवस्था मॅसॅच्युसेट्सनं १८४२ मध्ये सुरू केली; इतर राज्यं फार मागून आली. देशपातळीवरचं जन्मनोंदणी क्षेत्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि सगळी राज्यं त्यात यायला १९३३ उजाडलं.

मग हाती काय उरतं? दर दहा वर्षांची जनगणना. तिच्यात किती मुलं जन्मली ते नाही, पण गणनेच्या दिवशी किती लहान मुलं हयात होती ते आहे. म्हणून जन्मदराऐवजी बाल-स्त्री गुणोत्तर काढतात: लहान मुलांची संख्या भागिले मुलं होण्याच्या वयातल्या स्त्रियांची संख्या, गुणिले हजार. लोकसंख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात ते हेच. सूत्र सोपं आहे. पण त्या एका आकड्यात जन्म, बालमृत्यू, लग्नं, स्थलांतर सगळं एकत्र शिजलेलं असतं. खरं काम सुरू होतं ते गुणोत्तर काढून झाल्यावर, हे घटक वेगळे करताना.

पहिली पायरी: राज्य एक, गणना दोन

सगळी अमेरिका एकदम घेऊ नका. एक राज्य घ्या. मी सुरुवातीला मॅसॅच्युसेट्स किंवा न्यूयॉर्क सुचवेन. मॅसॅच्युसेट्समध्ये चौदाच काउंट्या आहेत, कागदावर हातानं पडताळता येतात. न्यूयॉर्क थोडं मोठं, पण रंगतदार: एका टोकाला मॅनहॅटन, दुसऱ्या टोकाला ईरी कालव्याकाठची नवी गव्हाची शेतं.

वर्षं निवडताना वयोगट बघून निवडा, आवडीनं नाही. १८०० ते १८२० च्या गणनांत गोऱ्या माणसांचे पाचच ढोबळ गट आहेत: १० वर्षांखालचे, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४, आणि ४५ च्या वरचे. १८३० आणि १८४० मध्ये पाच वर्षांखालची मुलं वेगळी मोजली आहेत. विशीपर्यंत पाचपाच वर्षांचे आणि पुढे दहादहा वर्षांचे गट आहेत. म्हणून पहिल्या प्रयोगाला १८३० आणि १८४० ही जोडी उत्तम. गट तेच, आणि मोजणीचा दिवसही तोच, १ जून.

या जुन्या गणनांत घरातल्या फक्त कर्त्याचं नाव लिहिलेलं असे. बाकीची माणसं म्हणजे रकान्यांतले आकडे. आपल्याकडचा जुना शब्द 'खानेसुमारी' इथे अगदी चपखल बसतो, घराघराची सुमारी. प्रत्येक मुक्त माणसाचं नाव, वय आणि जन्मठिकाण स्वतंत्र ओळीत यायला १८५० उजाडलं.

पुढच्या दशकांकडे जायचं असेल तर एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. १८५० आणि १८६० च्या छापील खंडांत काउंटीवार वयोगट मिळतात. १८७० पासून मात्र काउंटीच्या तक्त्यांत शाळेच्या वयाची मुलं, लढण्याच्या वयाचे पुरुष, मतदानाच्या वयाचे पुरुष असेच गट आहेत; सरकारला त्यांच्यातच रस होता. स्त्रियांची वयं तिथे सापडत नाहीत. त्या वर्षांसाठी माणसागणिक नोंदींकडे जावं लागतं, ते शेवटी बघू. १८९० च्या तर घरोघरच्या नोंदीच नाहीत. १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीला आग लागली आणि बहुतेक कागद गेले. छापील बेरजा तेवढ्या उरल्या.

दुसरी पायरी: आकडे उतरवून घेणं

मिनेसोटा विद्यापीठाचा एनएचजीआयएस नावाचा संग्रह आहे. १७९० पासूनच्या काउंटीवार गणना तिथे तक्त्यांच्या रूपात मिळतात, सोबत त्या त्या वर्षीच्या सीमांचे नकाशेही. खातं उघडायचं, वर्ष निवडायचं, पातळी 'काउंटी' ठेवायची आणि वय-लिंग-वर्णाचा तक्ता मागवायचा. थोड्या वेळानं फाइल तयार होते. तिच्याबरोबर रकान्यांची किल्ली असलेली एक साधी मजकूर-फाइल येते. ती फेकू नका. कुठला रकाना १५ ते १९ च्या मुलींचा आणि कुठला मुलग्यांचा हे फक्त तिच्यातच असतं.

दोन वर्षांच्या फाइली काउंटीच्या नावावरून जोडायचा मोह होतो. जोडू नका. वॉशिंग्टन, जेफर्सन, फ्रँकलिन ही नावं राज्याराज्यांत सांडलेली आहेत. मी पहिल्यांदा नावावरून जोडलं तेव्हा एका राज्याच्या स्त्रियांना दुसऱ्या राज्याची मुलं मिळाली, आणि त्या भन्नाट निष्कर्षावर मी दोन दिवस खूश होतो. संग्रह प्रत्येक काउंटीला सांकेतिक क्रमांक देतो, जोडणी त्यावरूनच करा. फाइल एक्सेलमध्ये उघडताना तो रकाना 'मजकूर' म्हणून घ्या, नाहीतर फक्त अंकांच्या क्रमांकांची सुरुवातीची शून्यं एक्सेल मुकाट गिळून टाकतं.

तिसरी पायरी: सीमा तपासा

काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. पण आपल्याकडे धुळ्यातून नंदुरबार किंवा ठाण्यातून पालघर निघालं की ती बातमी होते. तिकडे पश्चिमेच्या राज्यांत काउंट्या दर दशकात फुटत होत्या. १८३० ची काउंटी आणि १८४० ची त्याच नावाची काउंटी यांत भलतीच जमीन असू शकते. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयानं प्रत्येक काउंटीच्या सीमा कोणत्या तारखेला कशा बदलल्या याचा नकाशासंग्रह केला आहे. तो उघडा ठेवून काम करा. जी काउंटी फुटली असेल तिचे तुकडे पुन्हा एकत्र जोडून दोन्ही वर्षांसाठी एकच मोठा तुकडा मोजा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

शहरं काउंटीतून बाहेर पडतात हीही अडचण आहे. बाल्टिमोर शहर १८५१ मध्ये आपल्या काउंटीपासून वेगळं झालं, सेंट लुइस १८७६ मध्ये. त्यानंतर ती काउंटी 'अचानक ग्रामीण' दिसू लागते. माणसं तीच असतात, रेघ हललेली असते.

चौथी पायरी: गुणोत्तर

१८४० साठी अंश सोपा: पाच वर्षांखालचे मुलगे अधिक मुली. छेदासाठी पुस्तकांत २० ते ४४ वय असतं, पण १८४० च्या तक्त्यात चाळिशीचा गट ४० ते ४९ असा सलग आहे. दोन मार्ग आहेत. एक, सरळ २० ते ४९ घ्या आणि तसं लिहून ठेवा. दोन, ४० ते ४९ चा निम्मा धरा. चाळिशीच्या पूर्वार्धातल्या बायका उत्तरार्धापेक्षा थोड्या जास्तच असतात, तरी निम्म्यानं फार बिघडत नाही. कुठलाही घ्या, सगळीकडे तोच ठेवा.

१८२० शी तुलना करायची असेल तर १८४० ला खाली उतरवावं लागतं: पाचखालची आणि ५ ते ९ ची मुलं मिळून दहाखालची; स्त्रियांत १५ ते १९ चे चार पंचमांश, २० ते २९ आणि ३० ते ३९ पूर्ण, ४० ते ४९ चा निम्मा; म्हणजे अंदाजे १६ ते ४४. असं न करता १८२० चं दहाखालचं आणि १८४० चं पाचखालचं गुणोत्तर शेजारी ठेवलं तर जननदर कोसळल्याचा भास होईल.

आता वर्ण. वर सांगितलेले सगळे गट गोऱ्यांचे आहेत. गुलामगिरीत असलेल्या माणसांसाठी १८३० आणि १८४० मध्ये वेगळेच गट आहेत: १० वर्षांखाली, १० ते २३, २४ ते ३५, ३६ ते ५४ आणि पुढे. पाच वर्षांखालचं मूल वेगळं मोजावं असं गणना ठरवणाऱ्यांना वाटलंच नाही. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या याद्यांतही मालकाचं नाव आहे. ज्यांची मोजणी झाली त्यांचं सहसा नाही. त्यामुळे दक्षिणेतल्या काउंट्यांसाठी 'एकूण जननदर' असा एक आकडा काढू नका. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणण्यावर बंदी आल्यावर व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा-मिसिसिपीकडे तरुण माणसांची विक्री वाढली. विकली गेलेली आई एका काउंटीत आणि मूल दुसऱ्या, अशी गुणोत्तरं असतात ती. ती काढायची तर वेगळी काढा, आणि त्यांना कुटुंबाची निवड समजून वाचू नका. मूळ अमेरिकी जमातींची बहुतेक माणसं तर या गणनांत नाहीतच.

पाचवी पायरी: 'शहरी' म्हणजे कोण?

अमेरिकी आकडेवारीत २,५०० किंवा अधिक वस्तीचं ठिकाण शहरी धरण्याची रीत पुढे रूढ झाली आणि जुन्या गणनांनाही मागे जाऊन लावली गेली. आपल्या मानानं हे बाजाराचं गाव. पण १८०० मध्ये अमेरिकेची जेमतेम ६ टक्के वस्ती अशा ठिकाणी होती, १८४० मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास, १९०० मध्ये सुमारे ४० टक्के.

काउंटीला 'शहरी' किंवा 'ग्रामीण' असा शिक्का मारण्यापेक्षा तिच्यातली किती टक्के माणसं अशा ठिकाणी राहतात तो रकाना करा. न्यूयॉर्क काउंटीत तो शंभर येईल, बहुतेक काउंट्यांत शून्य, आणि मधल्या काउंट्याच सर्वांत बोलक्या असतात. न्यू इंग्लंडमध्ये सावध राहा: तिथला 'टाउन' हा गावठाण आणि भोवतालची शेतं मिळून झालेला तुकडा असतो. अडीच हजारांच्या टाउनमध्ये गाईच जास्त असू शकतात.

सहावी पायरी: छेदात कोण बसलंय?

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक घोटाळे याच ठिकाणी होतात.

मॅसॅच्युसेट्सच्या मिडलसेक्स काउंटीत लोवेल नावाचं गिरणगाव आहे. १८२६ मध्ये ते टाउन झालं, १८५० पर्यंत ३३ हजारांवर गेलं. गिरण्यांत काम करायला आसपासच्या शेतकरी कुटुंबांतल्या तरुण मुली येत, कंपनीच्या खानावळवजा घरांत राहत, काही वर्षं पैसे साठवून परत जात. बहुतेक अविवाहित. गणनेच्या दिवशी त्या लोवेलमध्ये मोजल्या गेल्या. म्हणजे छेद फुगला, अंश नाही.

हे आकड्यांत बघू. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त गणित समजायला. समजा शेतीच्या काउंटीत २० ते ४९ वयाच्या १,८०० स्त्रिया आणि पाचखालची १,९०० मुलं आहेत, गुणोत्तर १,०५६. गिरण्यांच्या काउंटीत २,९०० स्त्रिया आणि १,९५० मुलं; गुणोत्तर ६७२. अंतर ३८४. आता गिरणीकाउंटीतल्या ९०० स्त्रिया खानावळीतल्या अविवाहित मुली असतील तर त्या वगळून छेद २,०००, गुणोत्तर ९७५. अंतर ८१ वर आलं. लग्न झालेल्या बायकांच्या वागण्यात काहीही फरक न पडता.

लग्न झालंय की नाही हे १८८० च्या आधीच्या गणना विचारत नाहीत. म्हणून अप्रत्यक्ष खूण शोधायची: १५ ते २९ वयाच्या दर शंभर पुरुषांमागे किती स्त्रिया? १२० च्या पुढे आकडा दिसला की समजा, इथे गिरणी आहे किंवा घरकामाला आलेल्या मुली आहेत (बॉस्टनमध्ये पुढे आयरिश मुलींची फार मोठी संख्या होती). आकडा फार खाली असेल तर उलट: बायका थोड्या, त्यातल्या जवळपास सगळ्या लग्न झालेल्या, म्हणून गुणोत्तर चढं. १८५० च्या कॅलिफोर्नियात सोन्यामागे आलेल्या पुरुषांची गर्दी इतकी की नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती पुरुषांची होती. अशा काउंट्या तक्त्यातून बाजूला काढा.

सातवी पायरी: न उरलेली मुलं

गुणोत्तर जगलेली मुलं मोजतं. शहरात मुलं जास्त मरत. घाण पाणी, दाट वस्ती, भेसळीचं दूध; न्यूयॉर्कमध्ये दारूभट्टीचा चोथा खाऊ घातलेल्या गाईंच्या दुधावरून १८५८ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. १८३२ आणि १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथींनीही शहरांना झोडपलं. १८५० च्या सुमारास गोऱ्या मुलांतही हजारी दोनशेच्या वर बाळं पहिला वाढदिवस बघत नसत, असा अंदाज आहे.

मग काय करायचं? सोपी रीत अशी: पाच वर्षांच्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी गणनेच्या दिवशी सरासरी किती हयात असतील, तो हिस्सा एखाद्या जीवनसारणीवरून (कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याच्या तक्त्यावरून) घ्यायचा आणि गुणोत्तराला त्यानं भागायचं. आपल्या काल्पनिक काउंट्यांत खेड्यात हा हिस्सा ०.८० आणि गिरणगावात ०.७२ धरला तर १,०५६ चे होतात १,३२० आणि ९७५ चे १,३५४. अंतर मिटलं, एवढंच नाही, उलटलं! खऱ्या आकड्यांत ते असं सहसा उलटत नाही. शहरात जन्म खरोखरच कमी होते. पण तक्त्यात दिसतं तेवढं अंतर कधीच खरं नसतं. जीवनसारणी निवडण्यात अंदाज आलाच, म्हणून एकच हिस्सा न धरता कमी-जास्त असे दोन धरून दोन उत्तरं लिहावीत. १८५० ते १८८० च्या गणनांसोबत मृत्यूंच्या वेगळ्या याद्याही आहेत. त्यांत मृत्यू फार गळलेले आहेत, त्यांवर थेट विसंबू नका.

आठवी पायरी: घसरण कुठे झाली?

ही माझी सर्वांत आवडती पायरी, कारण पाच मिनिटांत एक जुनी समजूत मोडते. गोऱ्या लोकसंख्येच्या बाल-स्त्री गुणोत्तराचे (२० ते ४४ वयाच्या दर हजार स्त्रियांमागे पाचखालची मुलं) देशपातळीचे हे आकडे घ्या (१८०० चे वयोगट फोडून अंदाजानं काढलेले आहेत):

१८०० — एकूण १,२८१, शहरी ८४५, ग्रामीण १,३१९
१८४० — एकूण १,०७०, शहरी ७०१, ग्रामीण १,१३४

एकूण घसरण २११. माणसं शहरात गेली म्हणून ती झाली का? १८०० मध्ये शहरी स्त्रियांचा वाटा किती होता तो याच आकड्यांतून निघतो: १,३१९ मधून १,२८१ वजा केले की ३८, त्याला शहर-खेड्याच्या ४७४ च्या अंतरानं भागलं की ८ टक्के. हीच रीत १८४० ला लावली की जवळपास १५ टक्के. आता अशी कल्पना करा की शहरात कोणी नव्यानं गेलंच नाही, वाटा ८ टक्केच राहिला, पण दर मात्र १८४० चे झाले. ०.०८ गुणिले ७०१ अधिक ०.९२ गुणिले १,१३४, म्हणजे सुमारे १,०९९. शहरीकरण शून्य असतं तरी गुणोत्तर १,२८१ वरून १,०९९ पर्यंत उतरलंच असतं. २११ पैकी १८२ ची घसरण लोक शहरात गेले म्हणून झालेली नाही. आणि त्या १८२ मधले १७० एकट्या खेड्यांचे.

म्हणजे अमेरिकेतली मोठी घसरण शेतकऱ्यांच्या घरात सुरू झाली, कारखान्याच्या धुराच्या आधी. आपल्या राज्याच्या काउंट्यांवर हेच गणित करून बघा.

नववी पायरी: सामाजिक परिस्थिती जोडणं

आता कारणांकडे. जपानी अर्थशास्त्रज्ञ यासुकिची यासुबा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की ज्या राज्यांत शेतीला मोकळी जमीन सहज मिळे तिथे मुलं जास्त, जिथे जमीन भरली तिथे कमी. खुलासा आपल्याला परका वाटणार नाही: चार मुलगे असतील तर चौघांना जवळपास शेत कुठून आणायचं? वाटणीची चिंता असलेला बाप मुलं कमी होऊ देतो. दुसरी बाजू म्हणते, प्रश्न वाटणीचा नसून म्हातारपणाचा आहे. जवळ गिरणी, कालवा किंवा पश्चिमेची वाट असली की मुलगे निघून जातात, म्हाताऱ्यांना कोण बघणार याची खात्री उरत नाही. मग जास्त मुलांचा उपयोग काय? तिसरी बाजू शाळांकडे बोट दाखवते. मॅसॅच्युसेट्सनं १८५२ मध्येच सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, न्यूयॉर्कनं १८७४ मध्ये.

यासाठी रकाने असे करा. जमिनीसाठी १८५० पासूनच्या शेतीगणनेतली लागवडीखाली आणलेली एकरं. त्यांना त्याच काउंटीच्या पुढच्या कुठल्याही गणनेतल्या कमाल एकरांनी भागा. उत्तर ०.९ असेल तर काउंटी भरली आहे, ०.३ असेल तर अजून रान मोकळं आहे. कमाल वर्ष सगळीकडे एकच धरू नका, न्यू इंग्लंडमध्ये शेतं सोडून दिली गेल्यानं लागवड आधीच शिखर गाठून उतरली. १८४० साठी एकरं नाहीत. तिथे दहा वर्षांतली लोकसंख्यावाढ हा साधा पर्याय चालतो. वाचता-लिहिता न येणारे प्रौढ, शाळांतले विद्यार्थी, शेती-उद्योग-व्यापारात असलेली माणसं हे सगळं १८४० च्या गणनेत आहे. त्याच गणनेतला 'वेड्यांचा' रकाना मात्र वापरू नका. मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की जिथे एकही काळा माणूस नाही अशा गावांतही काळे वेडे मोजलेले आहेत. गुलामगिरीच्या समर्थकांनी तो आकडा तरीही मिरवला.

मग प्रत्येक रकाना गुणोत्तरासमोर ठेवून ठिपक्यांचा आलेख काढा. सहसंबंधाचा आकडा नंतर, आधी आलेख डोळ्यांनी बघा. एकटा पडलेला ठिपका बहुतेक वेळा नॅनटकेटसारखं देवमाशांच्या शिकारीचं बेट किंवा तुमची स्वतःची टंकनचूक असते. न्यूयॉर्कमध्ये एक गुंता दिसेल. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाल्यावर जमीन, बाजाराचं अंतर, न्यू इंग्लंडहून आलेल्यांचं प्रमाण आणि वस्तीचं वय हे सगळे रकाने एकमेकांचे हात धरूनच हलतात. कुठलं कारण आणि कुठलं सोबती हे चाळीस-पन्नास काउंट्यांवरून सुटत नाही. माझ्यापुरतं विचाराल तर १८४० पर्यंत जमिनीचा खुलासा सर्वांत भक्कम वाटतो, त्यानंतर तो पातळ होतो.

आणखी एक सापळा. शितावरून भाताची परीक्षा चालते. भातावरून एका शिताची चालत नाही. काउंटीत शाळा जास्त आणि मुलं कमी दिसली म्हणजे शिकलेल्या बाईलाच मुलं कमी होती असं नाही. उदाहरणार्थ, १९३० च्या गणनेत ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले जास्त तिथे साक्षरता जास्त होती, पण परदेशी जन्मलेली माणसं स्वतः कमी साक्षर होती. ती फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिली होती.

त्या काळच्या लेखकांचे निष्कर्षही मिठाच्या खड्यासारखे चवीपुरतेच वापरा. १८७० आणि १८८० च्या गणनांचे प्रमुख फ्रान्सिस वॉकर म्हणत, परदेशी लोंढ्यामुळे अस्सल अमेरिकी लोकांनी मुलं होऊ देणं थांबवलं. वरच्या पायरीत आपण बघितलंच, घसरण लोंढ्याच्या कितीतरी आधीची आहे.

'पण ते करत कसे होते?' हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. उशिरा लग्न, लांबवलेलं अंगावरचं दूध, संयम, आणि काही साधे उपाय. चार्ल्स नोल्टन या मॅसॅच्युसेट्सच्या डॉक्टरनं १८३२ मध्ये गर्भनिरोधावर छोटंसं पुस्तक काढलं आणि तीन महिने सक्तमजुरी भोगली. ते ॲशफील्ड या फ्रँकलिन काउंटीतल्या खेड्यात दवाखाना चालवत. ज्ञान फक्त शहरात होतं असं नाही. हेच पुस्तक लंडनमध्ये पुन्हा छापलं म्हणून १८७७ मध्ये जिच्यावर खटला झाला, ती बाई म्हणजे पुढे टिळकांच्या बरोबरीनं होमरूल चळवळ चालवणाऱ्या ॲनी बेझंट. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यानं अशी माहिती टपालानं पाठवणंही गुन्हा ठरवलं, तरी जननदर उतरतच राहिला.

शेवटची पायरी: काउंटीतून घरात

काउंटीचे आलेख हाती आले की त्यातल्या एक-दोन काउंट्या निवडून माणसागणिक नोंदींत उतरा. मिनेसोटाच्याच आयपम्स संग्रहात १८५० पासूनच्या नोंदी आहेत. १८८० ची गणना यासाठी सोन्यासारखी: कर्त्याशी नातं, लग्नाची स्थिती, आईवडिलांचं जन्मठिकाण हे सगळं आहे. प्रत्येक विवाहित बाईसोबत तिची पाचखालची किती मुलं त्याच घरात आहेत ते मोजा आणि शेतकऱ्याची बायको, गिरणीकामगाराची बायको, आयर्लंडमध्ये जन्मलेली, व्हर्मॉंटमध्ये जन्मलेली असे गट पाडा. छेदातल्या अविवाहित मुलींचा प्रश्न इथे आपोआप सुटतो.

मग १९०० ची गणना उघडा. तिच्यात विवाहित बाईच्या ओळीत दोन रकाने शेजारी शेजारी आहेत: किती मुलं झाली, आणि त्यातली किती हयात आहेत. पन्नाशीच्या पुढच्या बायका निवडल्यात तर १८७०-८० च्या दशकांतली बाळंतपणं हाती येतात. पहिल्या रकान्याची सरासरी काढा, दुसऱ्याची काढा, आणि गाव व शहर यांसाठी दोन्हींतला फरक वेगळा लिहा. सातव्या पायरीत अंदाजानं धरलेला तो ०.८० आणि ०.७२ चा हिस्सा कितपत जवळचा होता, याचा ढोबळ अंदाज तिथे येतो.